दुष्काळ-निवारणाचें काम आणि पाण्याची वाट

(भिवंडी येथें दुष्काळ-निवारण समितीच्या वार्षिक सभेंत केलेलें भाषण. आश्रयदात्यांच्या माहितीसाठीं अहवालास जोडून छापिलें आहे.)



अहवालाचें वाचन आतांच झालें. जमाखर्चाचा तक्ता आपल्यापुढें आहे व त्यावर तपासनिसांची सही आहे. तेव्हां आंकड्यांची पुनरुक्ति करून आम्ही आपला वेळ घेणार नाहीं. परंतु त्या तक्त्यांत ‘बंधारा-दुरुस्ती व नुकसानभरपाई’ या सदराखालीं जी रक्कम दिसते, तिजबद्दल समितीनें आपणांस तोंडी जबाब दिला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. आमचा धंदा वकिलीचा. आपल्या बाजूस बाधक असा कागद मागें ठेवण्याचा मोह त्या धंद्यांत होतो, हें आम्ही जाणतों. पण येथें आम्ही आपल्या पैशाचे विश्वस्त आहों. आणि विश्वस्तानें आपल्याविरुद्धचा कागद प्रथम पुढें करावा, हाच नियम आहे.

दुष्काळ म्हटला म्हणजे माणदेशाचे उघडे माळ किंवा मराठवाड्यांतील भेगाळलेल्या जमिनी डोळ्यांपुढें येतात. कोंकणपट्टींतील भिवंडीस दुष्काळ-निवारण समिती कशाला, असें बाहेरचे स्नेही आम्हांस विचारतात. आपल्याकडे सरासरीनें शंभर इंच, म्हणजे अडीच हजार मिलिमीटर, पाऊस पडतो हें खरें आहे. जमीनधारक मंडळींनीं याचा हिशेब एकदां करून पाहावा. एका एकरावर एका पावसाळ्यांत पडणारें हें पाणी सुमारें एक कोटि लिटर भरतें. दहा हजार लिटरांचा टँकर धरल्यास ते हजार टँकर झाले. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें आपणांस स्मरत असेल. पहिल्या गाडीनें पांच लक्ष लिटर पाणी नेलें. आपल्याकडे तितकें पाणी अवघ्या दोन गुंठ्यांवर पडतें.

आणि तरीही शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यांतून, कांहीं अंशीं आपल्याही तालुक्यांत, होळी झाली कीं विहिरींचे तळ दिसूं लागतात. सारा पाऊस चार महिन्यांत पडतो. जमीन उताराची आणि खालीं काळा कातळ. त्या कातळांत पाणी फार थोडें मुरतें, व उरलेलें ओढ्यानाल्यांवाटे खाडीस जाऊन मिळतें. एप्रिल-मे महिन्यांत वारली, कातकरी व ठाकूर बाया ओढ्याच्या कोरड्या पात्रांत खड्डा खणतात आणि झिरपेल तें पाणी वाटीवाटीनें हंड्यांत भरतात. हें दृश्य ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं भिवंडीहून सकाळीं निघावें. दुपारीं पाहून घरीं परततां येईल.

याच शहापूर तालुक्यांत मुंबईची मोठमोठीं धरणें आहेत. तानसा १८९२ सालीं पुरें झालें. पुढें वैतरणा व भातसा यांचीं कामें झालीं. मुंबईस मिळणाऱ्या पाण्यापैकीं जवळजवळ निम्मा भाग आज भातसेचा असतो. तानसाचे प्रचंड नळ आपल्या तालुक्यांतून गेले आहेत. मुंबईचा हेवा करण्याचें आम्हांस कारण नाहीं. भिवंडीचे यंत्रमाग व गोदामें मुंबईच्याच व्यापारावर चालतात. आम्हांस दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, जेथें पाणी साठविण्याची व तें राखण्याची व्यवस्था आहे तेथें मे महिन्यांतही पाणी आहे. आणि धरणाच्या पायथ्याशीं राहूनही ज्यांस ती व्यवस्था नाहीं, त्यांचा हंडा रिकामा आहे.

या समितीनें आरंभीं जें केलें तें सर्वच समित्या करतात. आम्हीं टँकर पाठविले. टंचाईच्या दिवसांत माणशी रोज वीस लिटर असें मान धरतात. त्या मानानें दहा हजार लिटरांचा एक टँकर पांचशें माणसांस एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशीं दुसरा टँकर हवा, आणि दुसऱ्या वर्षीं पुन्हा पहिला. तहानेल्या माणसास पाणी देणें हें पुण्यकर्म आहे व तें आम्ही बंद करणार नाहीं. परंतु किती वर्षें दिलें तरी त्यांतून मागें कांहीं उरत नाहीं. म्हणून आपल्याच सूचनेवरून शहापूरच्या बाजूस एका पाड्याजवळ ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा लहान बंधारा आम्हीं बांधिला. पाड्याचें नांव येथें सांगत नाहीं. दोष त्या लोकांचा नाहीं.

या पद्धतींत दगडी खांबांमध्यें फळ्या बसवितात; त्यांस बर्गे म्हणतात. पावसाळा सरतां सरतां बर्गे घालावयाचे, म्हणजे ओढ्याचें उरलेलें पाणी अडतें. आणि मृग लागण्यापूर्वीं ते काढून टाकावयाचे, म्हणजे पुराचें पाणी मोकळें जातें. पहिल्या उन्हाळ्यांत पाड्याची विहीर मे अखेरपर्यंत आटली नाहीं. आम्हांस मोठें समाधान वाटलें. बर्गे जूनच्या पहिल्या आठवड्यांत काढावे, असा आमचा ठराव होता. पण २०२५ सालीं मे महिन्यांतच पाऊस कोसळूं लागला, आणि ज्या मोसमी पावसाची मुंबईस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, तो २६ मे रोजींच येऊन दाखल झाला. इतक्या लवकर तो आल्याची नोंद नाहीं. बर्गे जागेवरच होते. पाण्याच्या दाबाखालीं ते हलेनात. पाणी वरून चढलें, बाजूच्या काठाची माती खाऊन त्यानें नवी वाट पाडली, आणि एका गरीब शेतकऱ्याचीं दोन भातखाचरें बांधांसकट वाहून गेलीं. प्राणहानि झाली नाहीं, ही ईश्वराची कृपा.

दगडी काम शाबूत राहिलें. पण पाणी त्याच्या बाजूनें निघून जाऊं लागलें. आम्ही तेथें गेलों तेव्हां पाड्यांतील एका वृद्ध बाईनें आम्हांस विचारलें कीं, पहिल्या मोठ्या पावसांत हा ओढा कोणत्या अंगानें उसळतो, हें बांध घालण्यापूर्वीं आम्हीं कोणास विचारलें होतें काय. आम्हीं विचारलें नव्हतें.

चौकशीअंतीं तीन दोष आढळले. पाणी वाहून जाण्यास जी मोकळी जागा ठेविली होती, ती मागच्या पिढीच्या पावसाच्या अंदाजानें ठेविली होती. काठांत शिरणाऱ्या भिंती घट्ट मुरमापर्यंत न नेतां मऊ मातींतच थांबविल्या होत्या. तेवढाच खर्च आम्हीं वांचविला होता. आणि बर्गे काढण्याचा अधिकार व साधनें पाड्यावर कोणाजवळ नसून, भिवंडींत बसलेल्या आमच्याजवळ होतीं. तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तो कोणा गवंड्याचा नव्हे, समितीचा आहे.

‘पाऊस लवकर आला, त्यास आम्ही काय करणार?’ हा बचाव आम्हांस करतां आला असता. पण तो टिकणारा नाहीं. हवा एक अंश अधिक तापली म्हणजे ती सुमारें शेंकडा सात अधिक बाष्प धरून ठेवते, असें शास्त्रज्ञ सांगतात; आणि औद्योगिक युगाच्या आरंभापासून पृथ्वीचें सरासरी उष्णमान एक अंशाहून अधिक चढलें आहे. मध्य भारताच्या पट्ट्यांत मोसमाचा एकूण पाऊस कमी होत असतां, अतिवृष्टीचे प्रसंग मात्र १९५० ते २०१५ या काळांत तिपटीनें वाढले, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दाखविलें आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढें २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील धरण फुटून झोपलेलीं माणसें वाहून गेलीं. तेव्हां तहान आणि पूर हीं आतां एकाच दाराशीं उभीं आहेत. एकीवर इलाज करतांना दुसऱ्याचा विसर पडला, तर तो इलाजच अपाय होतो.

याविषयींचें शहाणपण आम्हांस परदेशाहून आणावयाचें नाहीं. सर विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरींत असतां, १९०३ सालीं खडकवासल्यास त्यांनीं आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं दरवाजे स्वतःच उघडत. पुरानें पंचांग पाहून यावें, अशी अपेक्षा त्यांनीं केली नाहीं. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांजरा व मोसम या नद्यांवरील फड पद्धत कित्येक शतकें चालली. तेथें बंधाऱ्याचें पाणी घेणारे शेतकरीच पाट साफ करीत व पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यास पोसत. याउलट १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत मोठें काम झालें. मे १९७३ च्या सुमारास सुमारें पन्नास लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं, व त्या अनुभवांतूनच रोजगार हमीचा कायदा झाला. पण त्या काळीं खोदलेल्या पाझर तलावांपैकीं अनेक पुढें गाळानें भरले. खोदण्यास पैसा होता. गाळ काढण्यास वाली नव्हता.

म्हणून यंदां आम्ही आपणांपाशीं निराळ्या रीतीनें मागणें करीत आहों.

पहिली गोष्ट. यापुढें मिळणाऱ्या दर शंभर रुपयांतील पंचवीस रुपये देखरेखीसाठीं निराळे ठेवण्याचें समितीनें ठरविलें आहे. त्यांतून बंधाऱ्याचे राखणदार पाड्यांतीलच दोघे, एक पुरुष व एक बाई, पगारानें नेमावयाचे. बर्गे काढण्याचा हुकूम आतां भिवंडीहून सुटणार नाहीं. आभाळ पाहून तो त्यांनींच द्यावयाचा. या रकमेतून नवीन कांहीं उभें राहणार नाहीं व तिच्यावर कोणाच्या नांवाची पाटी बसणार नाहीं. नांवाची पाटी लावण्यास दाता सहज मिळतो. गाळ काढण्यास मिळत नाहीं. असा दाता आम्हांस पाहिजे आहे.

दुसरी गोष्ट जमीनधारकांस. आपल्या हद्दींतील भूमिगत पाणी उपसण्याचा मालकाचा हक्क १८८२ च्या ईझमेंट ॲक्टानें मानला आहे, हें आम्ही कोर्टांत अनेकदां सांगितलें आहे. पण सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें बंदी घातली, हेंही तितकेंच खरें आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, जेथें पाड्याची एकच विहीर आहे तेथें तिच्या शेजारीं खोल बोअर घेऊं नये, आणि बंधाऱ्याच्या काठच्या भिंतीसाठीं चार हात जमीन सोडावी, एवढें आम्ही मागतों.

तिसरी गोष्ट आपल्या व्यापारी बंधूंस, आणि ती थोडी कडू आहे. या शहरानें पिढ्यान् पिढ्या वऱ्हाळा तलावाचें पाणी प्यालें. आज शहराभोंवतीं जेथें भातखाचरें होतीं तेथें भराव घालून गोदामें उभीं राहिलीं, आणि तसें करतांना कित्येक नाले बुजले. मग तीनबत्तीच्या बाजारांत पाणी शिरलें म्हणजे माल भिजतो तो आपलाच. ज्यांच्या हद्दींतून नाला जातो त्यांनीं त्याची वाट मोकळी करून द्यावी. दहा हजार चौरस फुटांच्या एका गोदामाच्या पत्र्यावर एका पावसाळ्यांत तेवीस लक्ष लिटर पाणी पडतें, म्हणजे दोनशें तीस टँकर. त्यांतलें निम्मेंही टाकींत उतरलें किंवा विहिरींत मुरलें, तरी उन्हाळ्यांत आपल्या कामगारांस टँकरची वाट पाहावी लागणार नाहीं, आणि तो टँकर पाड्याकडे पाठवितां येईल.

खाचरें गेलेल्या शेतकऱ्यास माती भरून देण्याचें काम समितीनें प्रथम केलें. भिंती मुरमापर्यंत नेण्याचें काम त्यानंतर. हा क्रम कोणास चुकीचा वाटल्यास त्यानें आम्हांस जाब विचारावा.

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. खणलेली विहीर राखावी लागते, हें आम्ही उशीरानें शिकलों, आणि तें शिक्षण आपल्या पैशानें झालें. तें वायां जाऊं देणें न देणें आतां आपल्या हातीं आहे. यापुढें बर्गे मे महिन्याच्या मध्यास, आणि आभाळ भरून आल्यास त्याहीपूर्वीं, काढावयाचे असा नवा ठराव झाला आहे. त्या दिवशीं देणगीदारांनीं स्वतः पाड्यावर यावें, राखणदारांस भेटावें, विहिरींत डोकावून पाहावें, आणि मग पुढील वर्षाची रक्कम मांडावी, अशी आमची आपणां सर्वांस नम्र विनंति आहे.