चित्रकाराचा वाटा



मला ‘माझे क्षेत्र’ या विषयावर बोलायला सांगितलंय. पण संगणकावर बोलायला इथे माझ्यासारखे पाच-सहा जण आहेत, म्हणून मी आज एका चित्रकाराबद्दल बोलते.

आपल्यातली बरीच मुलं शाळा सुटल्यावर व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पळायची. (सर, आता सांगायला हरकत नाही.) त्यांना ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आठवत असेल. १९९२ साली शिकागोच्या मिडवे कंपनीत चौघांनी तो बनवला. प्रोग्रॅम एड बूनचा, आवाज डॅन फोर्डेनचे, पार्श्वभूमीची चित्रं जॉन व्होगेलची. पात्रं आणि त्यांच्या कथा रचल्या जॉन टोबियासने. तो तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा होता आणि त्याआधी कॉमिक्ससाठी चित्रं काढत होता.

त्यांनी खऱ्या माणसांच्या लढतीच्या हालचाली व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपल्या आणि एकेक चौकट खेळात घातली. चार हातांचा गोरो मात्र माणूस नव्हता, त्याचा छोटा पुतळा घडवला होता. अडचण होती मेमरीची. प्रत्येक हालचालीची चित्रं साठवायची, तर जागा फार कमी. मग एकाच नटाची, एकाच पोशाखातली चित्रं घेऊन फक्त रंगांची यादी बदलली: पिवळा झाला स्कॉर्पियन, निळा सब-झीरो, आणि हिरवा लपून बसलेला रेप्टाइल. आमच्या धंद्यात याला काटकसर म्हणतात. पण रंग बदलून पात्र वेगळं होत नाही. टोबियासने त्या दोघांना वैर दिलं. स्कॉर्पियन हा मारला गेलेला माणूस, सूडासाठी परतलेला, आणि त्याला मारणारा सब-झीरो. पोरं त्या वैरासाठी नाणी टाकत होती, पॅलेटसाठी नव्हे. इंजिनिअर म्हणून हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

खेळ रक्तबंबाळ होता, हे खरंच. १९९३ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली आणि पुढच्या वर्षी खेळांवर वयाचे शिक्के मारणारी व्यवस्था आली. माझ्या मुलाला मी तो लहानपणी खेळू दिला नाही.

दुसऱ्या भागापासून खेळात एक काळी सावली दिसते, नाव नूब सायबॉट. इंग्रजी अक्षरं उलटी वाचा: बून आणि टोबियास. दोघांची नावं अशी एकत्र लपलेली. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. १९९९ मध्ये टोबियास मिडवेतून बाहेर पडला, सहकाऱ्यांबरोबर स्टुडिओ गिगांटे काढला. २००३ मध्ये ‘ताओ फेंग’ हा लढतीचाच खेळ आणला, पण तो तसा गाजला नाही आणि २००५ मध्ये स्टुडिओ बंद पडला. बून राहिला, आणि मालिकेचं नाव घेतलं की आज आधी त्याचंच नाव निघतं. त्यात त्याचा दोष नाही. पण स्कॉर्पियन अजून प्रत्येक नव्या भागात येतो, पिवळ्याच पोशाखात.

दहावीत चित्रकलेचा तास गणिताला जायचा, आठवतंय? एलिमेंटरी, इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळवलेले आपल्यात सहा जण होते. त्यातले चार आज इंजिनिअर आहेत आणि एक मी. आज दुपारी जेवणानंतर त्या सहाही जणांनी फळ्यापाशी यावं, खडू मी आणले आहेत. सरही थांबणार आहेत.