हातांची आठवण



घरातली म्हातारी माणसं कधी कधी फार विसरू लागतात. आताच जेवलेलं आठवत नाही. घरचाच माणूस ओळखू येत नाही. लोक म्हणतात, "म्हातारचळ लागला." पण हा चळ नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याच्या एका प्रकाराची माहिती जर्मनीतील डॉक्टर अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडली. तो पुरता बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. मात्र थायरॉईडच्या दोषाने किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो. त्यावर उपाय आहे. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे.

मग घरच्यांनी काय करावे? माणसाला नुसते कोपऱ्यात बसवून ठेवू नये. या आजारात बहुधा ताजी आठवण आधी जाते. जन्मभर केलेल्या कामाची हातांची सवय पुष्कळ दिवस टिकते. आजीला काल काय घडले ते सांगता येणार नाही, पण वाती वळता येतील, शेंगा सोलता येतील. आजोबांना दोरी वळता येईल, गुरांपुढे वैरण टाकता येईल.

काम सांगताना एका वेळी एकच गोष्ट सांगावी. "आत्याबाई, एवढी मेथी निवडा बरं." आपणही शेजारी बसावे. मेथीत काड्या राहिल्या तर रागावू नये. मागाहून हळूच काढाव्यात. हे काम मेथीसाठी नाहीच. आपण घराला लागतो, हे त्यांना कळावे यासाठी आहे.

"मी कोण, ओळखा पाहू!" अशी परीक्षा घेऊ नये. "मी तुमची धाकटी सून," असे आपणच सांगावे.

विळी, चुलीचा जाळ, फवारणीचे औषध यांपासून त्यांना जपावे. विहिरीकडे एकटे जाऊ देऊ नये.

सगळा भार एकट्या सुनेवर टाकू नका. मुलांनी, नातवंडांनी पाळ्या लावाव्यात. तीही माणूस आहे, दमते. सल्ला हवा असेल तर १४४१६ या सरकारी नंबरावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

शेवटी एक काम तुमच्यासाठी. असा माणूस वाट चुकतो. एका चिठ्ठीवर त्याचे नाव, गाव आणि घरचा फोन नंबर लिहा. ती त्याच्या खिशात किंवा पदराला शिवून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येतं. ही चिठ्ठी आजच लिहा.