वर्गातील मुलाचा श्वास



फुप्फुसांत सुमारे ३० कोटी वायुकोश असतात. त्यांच्या अत्यंत पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात शिरतो व कर्बद्विप्राणिद वायू बाहेर पडतो. हवेची वाट अरुंद झाली की श्वास वाजू लागतो. १८१६ साली लेनेक या फ्रेंच वैद्याने कागदाची गुंडाळी छातीस लावून छातीतील ध्वनी ऐकिले. आपणांस पुष्कळदा नुसता कानही पुरतो.

श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज आल्यास श्वासनलिका आकुंचन पावल्या आहेत, बहुधा दमा आहे, असे समजावे. मूल ढोंग करीत नाही. त्यास निजवू नये, बसते ठेवावे. श्वास घेताना कर्कश आवाज आल्यास अडथळा घशाजवळ असतो, कदाचित शेंगदाणाही! बोट घालून चाचपू नये. ओठ निळसर दिसताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पालकांस निरोप मागाहून धाडावा.