हेडफोनला ॲम्प लागतो का? ओहमच्या आकड्याला घाबरू नका

आज विषय असा, की जो ऐकून तुमचे पैसे वाचतील आणि कदाचित कानही वाचतील. विषय आहे हेडफोन आणि ॲम्प्लिफायरची जोडी.

होतं काय, की आपण पैसे साठवून एकदाचा चांगला, वायरवाला हेडफोन घेतो. आणि घेतल्या घेतल्या कोणीतरी सांगतं, "अरे, २५० ओहमचा घेतलास? आता ॲम्प नसेल तर फुकट गेले पैसे!" झालं. हेडफोनची किंमत फिटते न फिटते तोच आपण ॲम्पच्या किमती बघायला लागतो.

तर थांबा जरा. आधी गणित करूया. सोपं आहे, घाबरू नका.

आपली पाण्याची टाकी आठवा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब जास्त. तो दाब म्हणजे व्होल्टेज. नळातून जे पाणी वाहतं तो करंट. आणि नळ किती आवळलेला आहे, तो इम्पीडन्स, जो ओहममध्ये मोजतात. ओहम जास्त म्हणजे नळ आवळलेला: पाणी थोडंच वाहतं, पण तेवढं वाहायलाही दाब चांगला लागतो. ओहम कमी म्हणजे नळ मोकळा: दाब कमी चालतो, पण पाणी भरपूर लागतं.

पण एवढ्यावरून हेडफोन किती मोठ्याने वाजेल, हे कळतच नाही! त्यासाठी दुसरा आकडा लागतो, सेन्सिटिव्हिटी. म्हणजे १ मिलिवॅट वीज दिली तर किती डेसिबल आवाज येतो. खोक्यावर ओहम मोठ्या अक्षरात असतो आणि हा बिचारा कोपऱ्यात. खरी गंमत मात्र यातच आहे.

आता दोन खरे हेडफोन घेऊ. एक, स्टुडिओत सगळीकडे दिसणारा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, २५० ओहमवाला. सेन्सिटिव्हिटी ९६ डेसिबल. दुसरा हायफायमॅनचा जुना, गाजलेला एचई-६. हा फक्त ५० ओहम, पण सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल.

समजा गाण्यातला एखादा ढोलाचा ठोका क्षणभर ११० डेसिबलपर्यंत जायला हवा. सतत नाही हं, फक्त तो ठोका! तर २५० ओहमवाल्याला लागतात सुमारे २५ मिलिवॅट, म्हणजे अडीच व्होल्ट आणि १० मिलिॲम्पिअर. आणि त्या "सोप्या" ५० ओहमवाल्याला? जवळपास ४५० मिलिवॅट! पावणेपाच व्होल्ट आणि ९५ मिलिॲम्पिअर. म्हणजे अठरापट वीज.

बघा, ओहम पाचपट कमी, आणि भूक अठरापट जास्त. म्हणून नुसता ओहम बघून ॲम्प घेणं म्हणजे माणसाची उंची बघून त्याची भूक ठरवण्यासारखं आहे.

आता फोनकडे येऊ. साध्या, बऱ्यापैकी डोंगलमधून साधारण १ व्होल्ट मिळतो. त्या १ व्होल्टवर हा २५० ओहमवाला किती वाजतो? सुमारे १०२ डेसिबल. घरात बसून ऐकायला हे बहुतेकांना पुरतं. शास्त्रीय मैफिलीचं हळू आवाजातलं रेकॉर्डिंग असेल तर थोडं कमी वाटेल, इतकंच. एचई-६ला मात्र खरोखरच दमदार ॲम्प हवा, तिथे डोंगल हात टेकतो.

एक फसवणारी गोष्ट सांगतो. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला. १६ ओहमच्या इअरफोनमध्ये या दोन आकड्यांत तब्बल १८ डेसिबलचा फरक पडतो! म्हणून तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापातले आहेत ना, हे आधी बघा.

दुसरी गोष्ट, वॅटची जाहिरात. ५०० मिलिवॅटचा ॲम्प सोडून १००० मिलिवॅटचा घेतला, तर आवाज दुप्पट होतो का? नाही! फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वीज लागते.

तिसरी गोष्ट ॲम्पच्या स्वतःच्या इम्पीडन्सची, ज्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. तो हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, असा एक ढोबळ नियम आहे. १६ ओहमचा इअरफोन असेल तर २ ओहम किंवा त्याहून कमी. काही व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये तो १०० ओहमच्या वर असतो. ३०० ओहमच्या हेडफोनला ते चालून जातं, बेस जरासा फुगतो आणि काहींना तो आवडतोही. पण तोच ॲम्प नाजूक इअरफोनला लावलात, तर गाण्याचा सगळा तोल बिघडू शकतो.

आणि आता कानांचं. ११० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा, १६ ओहमचा इअरफोन १ व्होल्टवर १२८ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. हा थेट इजा करणारा आवाज आहे. असल्या इअरफोनला तगडा ॲम्प लावला तर मागे सूंऽऽ असा आवाज येतो, आणि चुकून व्हॉल्यूम फिरला तर काही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मर्यादा सांगते. लोकलमध्ये खडखडाटावर मात करायला आपण आवाज वाढवतो ना, तिथे उत्तर ॲम्प नाही. तिथे बाहेरचा आवाज अडवणारे, कानात नीट बसणारे इअरफोन घ्या.

ब्लूटूथवाल्यांनो, तुम्ही निवांत राहा. तुमच्या हेडफोनच्या पोटातच ॲम्प असतो. वायरलेस ऐकताना बाहेरच्या ॲम्पचा काही उपयोग नाही.

मग करायचं काय? तुमच्याकडचं सगळ्यात हळू आवाजाचं गाणं लावा. फोनचा व्हॉल्यूम पाऊण भरला आणि पोटभर ऐकू आलं, तर ॲम्पचा विषय सोडून द्या. पूर्ण भरूनही कमी पडतंय? मग हेडफोनचे दोन्ही आकडे काढा, किती व्होल्ट लागतात ते बघा आणि तेवढाच ॲम्प घ्या. दुकानात दोन ॲम्प ऐकताना दोघांचा आवाज आधी सारखा करून घ्या. जो जरा मोठ्याने वाजतो तोच आपल्याला "क्लिअर" वाटतो, आणि तिथेच खिसा रिकामा होतो.

उरलेल्या पैशांत एखाद्या मैफिलीचं तिकीट काढा, तिथे ओहम विचारायला कोणी येत नाही! भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, पण जरा हळू.