पाण्याचा ताळेबंद मांडणारे गाव : हिवरे बाजार



‘ग्रामविकास’ हा शब्द सार्वजनिक जीवनात वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की, तो कानी पडताच श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर डांबरी रस्ता, समाजमंदिर आणि उद्घाटनाची कोनशिला एवढेच उभे राहते. आजच्या विषयासाठी ती कोनशिला क्षणभर बाजूला ठेवावी लागेल. एका लहानशा गावाने आपला पाऊस मोजण्यास कसा आरंभ केला, मोजलेले पाणी वाटून घेण्यास ते कसे शिकले आणि त्या वाटणीसाठी त्याने स्वतःवर कोणती बंधने घालून घेतली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. ते गाव म्हणजे नगर तालुक्यातील हिवरे बाजार.

जिल्हा एक, रूपे दोन

या गावाकडे वळण्यापूर्वी त्याचा परिसर ध्यानी घ्यावयास हवा. सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटर विस्ताराचा अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या डोंगरात, वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथील पाणी अडविणारे भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांनी जिल्ह्याचा उत्तर भाग भिजला, ऊस उभा राहिला आणि पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकाराचा सुवर्णकाळ म्हणून ज्याचे वर्णन होते, तो याच भूमीत घडला.

परंतु त्याच जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे पारनेर, नगर, पाथर्डी, जामखेड, कर्जत, हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील बहुतेक भागाला उत्तरेसारखे कालव्यांचे पाणी नाही आणि बारमाही नदीही नाही. जूनमध्ये ढग येतात, डोक्यावरून निघून जातात आणि शेतकरी परतीच्या पावसाकडे डोळे लावून बसतो. ज्यांच्या नावाने जिल्हा आज ओळखला जातो, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म १७२५ मध्ये याच कोरड्या पट्ट्यातील चौंडी गावी झाला. पुढे देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधणाऱ्या या राज्यकर्तीचे बालपण पाण्याचे मोल ठाऊक असलेल्या मातीत गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हिवरे बाजार या दक्षिण भागातले. नगर शहरापासून सुमारे सतरा किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत. क्षेत्र ९७६ हेक्टर, वस्ती सुमारे तेराशे आणि पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास.

उतरणीचा काळ

एके काळी हे गाव कुस्तीसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. डोंगरावर झाडोरा होता, गोठ्यात जनावरे होती. झाडे तुटली, मोकाट चराईने गवत संपले आणि उघड्या उतारावरून पावसाबरोबर माती वाहून गेली. १९७२ च्या दुष्काळाने उरलासुरला आधार काढून घेतला. विहिरी हिवाळ्यातच तळ दाखवू लागल्या. तरुण मुंबई-पुण्याला मजुरीसाठी गेले, तर मागे राहिलेल्यांपैकी काहींनी दारूच्या भट्ट्या लावल्या. तंटे आणि मारामाऱ्या नित्याच्या झाल्या. सरकारी नोकराला येथील बदली ही शिक्षा वाटे, असे आजही सांगितले जाते.

येथे कारण आणि परिणाम यांची साखळी नीट पाहिली पाहिजे. गावातील व्यसन आणि कलह यांचे मूळ केवळ माणसांच्या स्वभावात शोधणे सोपे असते. ज्या शिवारात जानेवारीनंतर हाताला काम नाही, तेथे रिकामपण येते. रिकामपणातून व्यसन येते. व्यसनी गाव एकत्र बसू शकत नाही. आणि जे गाव एकत्र बसू शकत नाही, ते पाणी अडवू शकत नाही. ही साखळी कोठून तरी तोडावी लागते.

१९८९ मध्ये पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, क्रिकेटची आवड असलेले तरुण गृहस्थ बिनविरोध सरपंच झाले. आरंभ त्यांनी शाळेपासून केला. पडझड झालेली शाळा सुधारणे हे काम असे होते की, ज्याला कोणत्याही गटाचा विरोध असण्याचे कारण नव्हते. लोक एकत्र बसले. मग दारूची दुकाने बंद झाली आणि त्यानंतर गावाने डोंगराकडे मोर्चा वळविला. हा क्रम कार्यकर्त्यांनी अभ्यासण्याजोगा आहे. एकत्र बसण्याची सवय आधी लागली, कुदळ त्यानंतर हाती आली.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

शेजारच्या पारनेर तालुक्यात अण्णा हजारे यांनी राळेगण सिद्धीत १९७५ नंतर उभे केलेले काम समोर होते. त्याच धर्तीवर महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये आदर्श गाव योजना आखली आणि हिवरे बाजार तिच्यात सहभागी झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि कुटुंबनियोजन ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. पुढे तिच्यात लोटाबंदी आणि शेतीसाठी विंधन विहिरींवर बंदी यांची भर पडली.

कामाची पद्धत साधी, परंतु शास्त्रशुद्ध होती. नगर जिल्ह्याच्या भूमीखाली काळा कातळ आहे. त्याच्या वरचा मुरूम आणि भेगा यांतच काय ते पाणी साठते. वाहते पाणी थांबले तरच ते मुरते आणि थांबवायचे तर सुरुवात डोंगरमाथ्यावरून करावी लागते. म्हणून प्रथम उतारावर सलग समतल चर खोदले गेले, नंतर ओढ्यांवर नालाबांध आणि मातीचे बंधारे, खाली पाझर तलाव. आधी खाली तलाव बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. वर चर असले की माती वरच राहते आणि खाली स्वच्छ पाणी येते.

यातील बराचसा खर्च शासकीय योजनांमधून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेतून झाला, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तीच योजना शेजारच्या गावांनाही उपलब्ध होती. फरक पडला तो कोणते काम, कोठे आणि कोणत्या क्रमाने करावयाचे हे ग्रामसभेने ठरविल्यामुळे.

चराईबंदीचा प्रश्न अधिक नाजूक होता. डोंगर बंद केला की पहिला घाव ज्याला शेत नाही आणि ज्याची दोन-चार शेळ्यांवर गुजराण आहे, त्याच्यावर बसतो. गावाने मार्ग काढला तो असा : जनावर डोंगरावर जाणार नाही, माणूस विळा घेऊन जाईल आणि गवत कापून दावणीला आणील. खूर आणि दात यांपासून मुक्त झालेल्या जमिनीवर गवत दाट वाढले. गवताबरोबर दूध आले. नव्वदच्या दशकाच्या मध्यास दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले दूध संकलन पुढील दशकात चार हजार लिटरांच्या घरात गेले. १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखाली असलेल्या १६८ कुटुंबांची संख्या पुढे तीनवर आली. स्थलांतर केलेली अनेक कुटुंबे परतली.

पावसाचा जमाखर्च

येथपर्यंतची कथा महाराष्ट्रातील इतरही काही गावांची आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण यानंतर सुरू होते. पाणी अडविणे हा उत्सव असतो. त्यात फावडे, घोषणा आणि छायाचित्रे असतात. पाणी आल्यानंतर ते कमी वापरणे, यात उत्सव नसतो. अनेक गावे येथेच अडखळतात. विहिरीला पाणी लागले की ऊस येतो, उसामागून विंधन विहीर येते आणि दहा वर्षांत गाव पुन्हा टँकरची वाट पाहू लागते.

हिवरे बाजारने ऊस आणि केळी यांसारखी पाणीखाऊ पिके वर्ज्य केली. गेल्या शतकाच्या अखेरीपासून पाण्याचा विचार हिशेबाच्या भाषेत सुरू झाला आणि भूजल सर्वेक्षण विभागाच्या साह्याने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रुजली. गावात पर्जन्यमापक आहेत, निवडक विहिरींची पातळी मोजली जाते. पावसाळा संपला की ग्रामसभेपुढे आकडे येतात. प्रथम माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढले जाते, काही वाटा जमिनीतच राखला जातो आणि उरलेल्यातून रब्बीला कोणती पिके घ्यावयाची, ते ठरते. पाऊस कमी, तर गहू कमी. हा नियम जसा लहान खातेदाराला, तसाच मोठ्यालाही.

या हिशेबाचे महत्त्व एका साध्या गणिताने पटेल. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. म्हणजे ९७६ हेक्टरांच्या शिवारात चारशे मिलिमीटर पाऊस झाला, तर आकाशातून सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पडते. गाव दरिद्री नव्हते. त्याची जमा मोठी होती, परंतु ती वाहून आणि उडून जात होती. आता खर्चाची बाजू पाहू. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर तेराशे लोकांच्या घरगुती वापरास वर्षाला सुमारे २ कोटी ६० लाख लिटर लागतात. आणि एक एकर ऊस? त्याला दोन हजार मिलिमीटर पाणी धरले, तरी ८० लाख लिटर होतात. याचा अर्थ सव्वातीन एकर ऊस म्हणजे संपूर्ण गावाचे वर्षभराचे पिण्या-वापरण्याचे पाणी. हे गणित ज्या ग्रामसभेला समजले, तिला ऊसबंदीसाठी व्याख्यानाची आवश्यकता उरत नाही.

विंधन विहिरीवरील बंदीमागेही हाच विचार आहे. उघड्या विहिरीत पाणी किती उरले, ते सर्वांना दिसते आणि ती आटली की उपसा आपोआप थांबतो. दोनशे-तीनशे फूट खोल नळीतून ओढलेले पाणी कोणालाच दिसत नाही. ते शेजाऱ्याचे होते की नातवाचे, हेही कळत नाही. जमीन कोणाची हे सात-बारावर लिहिता येते. भूगर्भातील पाण्याला बांध घालता येत नाही. बाहेरच्यांना जमीन विकावयाची नाही, हा गावाचा निर्धारही याच विचारातून आला, कारण बंधनात सहभागी नसलेला एक मालक सर्वांचे बंधन निष्फळ करू शकतो.

देसा आणि गाव

ही दृष्टी केवळ आपल्याच भूमीत आहे असे नाही. इंडोनेशियाच्या जावा बेटावर खेड्याला ‘देसा’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘देश’ या शब्दापासून तेथे पोहोचला. ज्वालामुखीच्या सुपीक उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरे, भरपूर पाऊस आणि पाटाने खाली उतरणारे पाणी, असे ते चित्र. निसर्गाने नगर जिल्ह्याच्या नेमके उलटे दान तेथे दिले आहे. तरीही पाट दुरुस्त करणे, घर उभारणे ही कामे एकमेकांना हातभार लावून करण्याची त्यांची परंपरा आहे. तिला ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात आणि सुकार्नो यांनी १९४५ मध्ये तिला राष्ट्रीय आदर्शाचे स्थान दिले. आपल्याकडील इर्जिक आणि सावड यांचेच हे भावंड. पाणी उदंड असो वा अपुरे, ते सामाईक असल्याची जाणीव जेथे टिकते, तेथे गाव टिकते.

अनुत्तरित प्रश्न

गौरवाची नोंद आवश्यक आहे. २००७ मध्ये गावाला राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये पोपटराव पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. २०२१ च्या कोरोना साथीतही गावाच्या शिस्तीची देशभर चर्चा झाली. तथापि, केवळ आरती ओवाळून अभ्यास पूर्ण होत नाही.

पहिला प्रश्न नेतृत्वाचा. तीन दशके एकाच व्यक्तीभोवती फिरलेले कार्य पुढच्या पिढीच्या हाती कसे जाणार? जानेवारी २०२१ मध्ये अनेक वर्षांच्या बिनविरोध परंपरेनंतर गावात प्रत्यक्ष मतदान झाले. पवार यांच्या गटाने सर्व जागा जिंकल्या, परंतु गावात वेगळे मत असलेली माणसेही आहेत, हे त्यातून दिसले. याला कोणी अपशकुन मानू नये. मतभेद प्रकट होऊनही ताळेबंदाचा नियम टिकणे, हीच त्या नियमाची खरी कसोटी आहे. दुसरा प्रश्न बाजाराचा. पाणी ग्रामसभेच्या हाती आहे. कांद्याचा आणि दुधाचा भाव तिच्या हाती नाही. तिसरा प्रश्न अनुकरणाचा. २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार अभियानात हजारो गावांत चर आणि बंधारे झाले. चर यंत्राने एका आठवड्यात खोदता येतात. उपशावरील संयम यंत्राने येत नाही. अटल भूजल योजनेने पाण्याच्या ताळेबंदाला धोरणात स्थान दिले, हे योग्यच झाले, परंतु कागदावर भरलेला ताळेबंद आणि ग्रामसभेने पाळलेला ताळेबंद यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

म्हणून हिवरे बाजारला सहलीसारखी भेट देऊन, हिरवा डोंगर पाहून परतण्यात फारसे हशील नाही. ग्रामीण भागातील कार्यकर्त्याने आपल्या गावात तीन आकडे मिळवावेत : शिवाराचे क्षेत्र किती, गेल्या वर्षी पाऊस किती झाला आणि कोणत्या पिकाखाली किती एकर आहेत. हे तीन आकडे फळ्यावर लिहून ग्रामसभेपुढे ठेवले की, चर्चा आपोआप सुरू होते. शहरातील कुटुंबांनीही हे गणित करून पाहावे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर चारशे मिलिमीटर पाऊस पडला, तर चाळीस हजार लिटर पाणी होते. ते कोठे जाते, हे घरातील मुलांना विचारावे आणि त्यांच्यासह शोधावे. अहिल्यानगरच्या एका अवर्षणप्रवण गावाने स्वतःच्या बळावर जे शिकून दाखविले, ते उदंड पाण्याच्या प्रदेशांनाही आज ना उद्या शिकावेच लागणार आहे.