आईच्या रक्तातला बाळाचा डीएनए

गरोदर आईच्या रक्तद्रवात बाळाच्या डीएनएचे बारीक तुकडे असतात, हे डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं. हे तुकडे मुख्यतः वारेच्या पेशींतून येतात. १० आठवड्यांनंतर रक्तद्रवातल्या मोकळ्या डीएनएत त्यांचा वाटा साधारण १० टक्के असतो, बाकीचा आईचाच.

ते मिळवायचे कसे? आपल्या जामखेडहून नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आईच्या पांढऱ्या पेशी फुटल्या, तर बाळाचा वाटा आणखी घटतो. म्हणून पेशी टिकवणारं रसायन असलेल्या खास नळीत रक्त घेतात. सेंट्रिफ्यूज यंत्रात दोनदा फिरवून रक्तद्रव वेगळा करतात. त्यातली प्रथिनं विकरानं तोडली, की डीएनए सिलिकाच्या पडद्याला किंवा चुंबकीय मण्यांना चिकटतो. मग तो धुऊन थोड्याशा द्रावणात उतरवतात. आई-बाळाचे तुकडे एकत्रच वाचून डाउन सिंड्रोमची शक्यता मोजतात. पक्क्या निदानाला मात्र गर्भजल तपासणीसारखी चाचणी लागते.

यातून लिंगही कळू शकतं. पण १९९४ च्या कायद्यानं गर्भलिंग तपासणं आणि सांगणं गुन्हा आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत जामखेड ज्यात येतं त्या आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८५२ मुलीच होत्या. हे विज्ञान बाळाच्या आरोग्यासाठीच वापरलं जावं, ही जबाबदारी डॉक्टरांची आणि कुटुंबाचीही आहे.