मांडीवरचे मूल आणि लहान मोटार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मोटारीवर बोलणार म्हटल्यावर घरात हशाच पिकला. "तुला यंत्रातले काय कळते?" असे ह्यांनी विचारले. मी म्हटले, यंत्राचे तुम्ही पाहा. मी आत बसणाऱ्या माणसांविषयी बोलेन.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी लहान मोटार घेतली. त्याआधी पंधरा वर्षे स्कूटर होती. पुढे मुलगा उभा, मागे मी, मांडीवर मुलगी आणि हातात भाजीची पिशवी. असेच एक कुटुंब पावसात स्कूटरवर जाताना पाहून नॅनोची कल्पना सुचली, असे रतन टाटांनी सांगितले होते. २००८ साली ती लोकांपुढे आली तेव्हा लाख रुपयांची मोटार म्हणून केवढा गाजावाजा झाला! लांबी तीन मीटरांहून थोडीशी जास्त आणि इंजिन मागे. सुरुवातीच्या नॅनोला मागून उघडणारे दारच नव्हते. सामान ठेवायचे तर मागच्या सीटची पाठ पाडायची. आधी एखाद्या गृहिणीला विचारले असते तर तिने हे नक्की सांगितले असते. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले, पण जुन्या गाड्या अजून दिसतात.

लहान गाडीची सोय मी नाकारीत नाही. आमच्या पेठेतल्या बोळात मोठी गाडी शिरली की समोरच्या रिक्षाने मागे जायचे की हिने, यावर भांडण ठरलेले. आमची गाडी दोन स्कूटरींच्या जागेत उभी राहते. पावसात सासूबाईंना दवाखान्यात नेताना तर ती देवासारखी वाटते. स्कूटरपेक्षा चार भिंतींच्या आत बसणे केव्हाही बरे, यात शंका नाही. पण त्या चार भिंतींवर आपण जरा जास्तच विसंबतो.

गेल्या वर्षी आम्ही स्वारगेटकडून घरी येत होतो. पुढच्या सीटवर मी होते आणि मांडीवर धाकट्या जावेचा दोन वर्षांचा मुलगा. पट्टा कोणी लावतो का गावातल्या गावात? पुढची रिक्षा एकाएकी थांबली, ह्यांनी ब्रेक दाबला. टक्कर झाली नाही, गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. पण पोर माझ्या हातांतून निसटून समोर आदळले आणि त्याच्या मागे मी. ओठाला तीन टाके पडले. जाऊ मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मी दोन्ही हातांनी घट्ट धरले होते, मग ते सुटले कसे? हा प्रश्न मला झोपू देईना. शेवटी मुलाने कागदावर हिशेब करून दाखवला. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून क्षणात थांबली, तर दहा किलोचे मूल त्या घडीला शंभर किलोंहून जड होते. ते कोणत्या आईच्या हातांना पेलेल? त्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटरांवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे. गॅलरीच्या कठड्यावर आपण मूल बसवीत नाही. मोटारीत मात्र हौसेने मांडीवर घेतो. त्यातून पुढे हवेचा फुगा असला आणि तो फुटून उघडला, तर मांडीवरच्या मुलाला त्याचाच तडाखा बसतो.

आता गाडीविषयी. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळवून पाहिल्या. फुगे नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांपैकी नॅनो, अल्टो ८०० आणि आय१० यांचा सांगाडाच इतका दबला, की नुसते फुगे बसवून भागले नसते. पण लहान म्हणजे कच्चीच, असे मात्र नाही. चार मीटरांहून लहान असलेल्या पंचला त्याच संस्थेने २०२१ मध्ये पाच तारे दिले. चालकापुढचा फुगा २०१९ पासून आणि शेजारच्या सीटचा २०२२ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा आहे. त्याआधीची गाडी घेताना रंग आणि गादीची खोळ नंतर पाहावी, आधी फुगे आहेत का ते विचारावे. मी विचारले नव्हते. विकणाऱ्याने "एकदम टकाटक" म्हटले, आम्ही पेढे वाटले.

मोठ्या गाडीत बसणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या खास खुर्चीशिवाय बसवले, तर आता हजार रुपये दंड आहे.

आम्ही ती खुर्ची घेतली. मागे ती बसवली की शेजारी दोन माणसे मावत नाहीत, एकच मावते. त्यामुळे भाचा बरोबर असला की घरातल्या एकाने बसने यायचे, असे ठरले आहे. मागच्या महिन्यात आळंदीला जाताना ती पाळी माझी होती. सासूबाईंना हे काही पटलेले नाही. "आम्ही नाही का तुम्हांला मांडीवर वाढवले?" असे त्या म्हणतात आणि पट्टा मात्र माझ्याकडूनच लावून घेतात.